वनस्पतितेलांचे वंगण

बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्या शेतकऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण कोणते तेल वंगणाला चालते, हे त्याला अनुभवाने कळले होते. उलट, जवसाचे तेल हवेत राहिले की चिकट होते आणि अखेर वाळून त्याचा पापुद्रा बनतो. रंगाऱ्याला हा गुण हवा असतो. यंत्राला तोच घातक ठरतो.

असे का व्हावे? वनस्पतितेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. या रेणूचे एक अंग धातूला बिलगून राहते. म्हणून घर्षण कमी करण्यात ही तेले खनिज तेलांपुढे हार जात नाहीत. परंतु मेदाम्लांतील दुहेरी बंधांच्या शेजारचा हायड्रोजन उष्णतेने सहज सुटतो आणि त्या जागी प्राणवायू शिरतो. एका रेणूची बाधा दुसऱ्याला होते, आणि हळूहळू तेलाची राळ बनते. जवसाच्या तेलात असे बंध पुष्कळ, एरंडेलात थोडे. पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नसल्यामुळे 1914 ते 1918 च्या महायुद्धात विमानांच्या फिरत्या एंजिनांना एरंडेल वापरीत. पण तेही तापून राळ मागे ठेवीच.

यावर उपाय म्हणजे रसायनांची जोड. फेनॉल किंवा अमाइन वर्गातील द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळली, तर ती स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. थंडीत खोबरेल थिजते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. इतर तेलांचे थिजणे लांबविण्यासाठी स्फटिकांना एकमेकांत गुंतू न देणारी द्रव्ये घालतात. गंधक, फॉस्फरस व जस्त यांची संयुगे भारी दाबाखाली धातूवर संरक्षक थर धरतात.

तथापि येथेच खरा विवेक लागतो. लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या साखळीवरील तेल परत गोळा होत नाही. ते रानातच सांडते. अशा ठिकाणी वनस्पतितेल हवे, कारण मातीतील सूक्ष्म जीव ते लवकर पचवितात. त्यात जस्ताचे संयुग मिसळले, तर यंत्राचे आयुष्य वाढेल. पण ते ओढ्यात उतरले की जलचरांना बाधेल. मग वनस्पतितेल निवडण्याचा हेतूच उरत नाही.

एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या शेताचा आणि कारखान्याचाही आहे. तेलाला द्यावयाची जोड यंत्राला मानवली पाहिजे, आणि ते तेल ज्या मातीवर सांडणार आहे, तिलाही मानवली पाहिजे.