व्याकरण शाळेचे, बोलणे सहवासाचे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



इंग्रजीचा विषय निघाला की समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्याची थोडी कुचंबणा होते. डॉ. राममनोहर लोहियांनी 'अंग्रेजी हटाओ'ची हाक दिली, चळवळीने ती उचलली, आणि आज त्याच चळवळीतील कार्यकर्त्यांची नातवंडे सकाळी सात वाजता इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या बसची वाट पाहत फाट्यावर उभी असतात. विरोधक या विसंगतीवर हसतात. त्यांना हसू द्यावे. परंतु ज्या शेतमजुराला त्या बसचे भाडे परवडत नाही, त्याच्या मुलाला चळवळ काय सांगणार, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

लोहियांचा विरोध इंग्रजी शिकण्याला नव्हता. इंग्रजीत राज्य करण्याला होता, हे आरंभीच स्पष्ट असलेले बरे. त्यांनी स्वतः 'मॅनकाइंड' हे इंग्रजी मासिक चालवले. ते बर्लिनला उच्च शिक्षणासाठी गेले तेव्हा तेथील प्राध्यापकांनी आपणास इंग्रजी येत नाही असे सांगितले. लोहिया परत फिरले आणि तीन महिन्यांनी जर्मन शिकूनच त्यांच्यापुढे उभे राहिले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. तीन महिन्यांत कोणी व्याकरणाचा ग्रंथ पालथा घालून बोलू लागत नाही. ज्या माणसांत उठबस असते, त्यांची बोली कानावरून जिभेवर येते, तेव्हाच हे साधते. या हकीकतीतील शिकण्याच्या रीतीकडे मात्र चळवळीने कधी फारसे लक्ष दिले नाही.

१९६७ साली बिहारात कर्पूरी ठाकूर शिक्षणमंत्री असताना मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकण्यात आली. त्या मुलांना 'कर्पूरी डिव्हिजन'वाले म्हणून हिणवले गेले. हिणवणारे कोणत्या घरांतील होते हे सांगावयास नको. निर्णय न्यायाचा होता. ज्या विषयाचा धड शिक्षक गावात नाही, त्या एका विषयापायी हजारो मुलांच्या कपाळी नापासाचा शिक्का मारणे हा अन्यायच होता. पण परीक्षेचे दार उघडले, तरी त्यापुढचे मुलाखतीचे, कचेरीचे आणि हायकोर्टाचे दार तसेच बंद राहिले, हेही नमूद करणे भाग आहे.

ते का बंद राहिले? इंग्रजी भाषा आपल्या समाजात दोन तुकड्यांत वाटली गेली आहे. एक तुकडा व्याकरणाचा; तो शाळेत मिळतो. दुसरा तुकडा रोजच्या बोलण्याचा, वाक्प्रचारांचा, शिष्टाचाराच्या शब्दांचा; तो घरात मिळतो, अर्थात ज्या घरात तो आधीपासून आहे तेथेच. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. तिने मराठी माणसाला वाचता-लिहिता केले. परंतु भाषांतराने शिकलेला मनुष्य अर्ज उत्तम लिहितो आणि साहेबासमोर उभा राहिला की मुका होतो. शालेय परीक्षेत 'डू ॲज डायरेक्टेड' असा प्रश्न येतो. कर्तरीचे कर्मणी करा, होकारार्थीचे नकारार्थी करा. ग्रामीण विद्यार्थी ते बिनचूक करतो आणि गुण मिळवतो. पुढे मुलाखतीत मात्र त्याला कोणी कर्मणी प्रयोग विचारीत नाही. तेथे दोन मिनिटे गप्पा मारतात, आणि त्या दोन मिनिटांत दहा वर्षांचे गुण वाहून जातात. परीक्षा एका गोष्टीची आणि निवड दुसऱ्याच गोष्टीवर, असा हा व्यवहार आहे.

यातला अन्याय किती सूक्ष्म असतो ते एका साध्या उदाहरणावरून दिसेल. मराठी मुलगा वडीलधाऱ्यांना म्हणतो, "पाणी द्या." 'दे' नव्हे, 'द्या'. मराठीत आदर क्रियापदाच्या पोटातच बसलेला असतो. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांचा मिळून एकच 'यू' झाला आहे. तेव्हा त्या भाषेने आदर 'प्लीज', 'कुड यू', 'वुड यू माइंड' अशा शब्दांत नेऊन ठेवला. हे ज्याला कोणी सांगितले नाही तो मुलगा सरळ भाषांतर करून 'गिव्ह मी वॉटर' म्हणतो आणि ऐकणारा ठरवतो की पोरगा उद्धट आहे. वास्तविक त्याने मनातल्या मनात 'द्या'च म्हटलेले असते. तसेच निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्याचे इंग्रजी करून कोणी दारात उभ्या उभ्या 'आय कम' म्हणाला, तर समोरचा बुचकळ्यात पडणारच. आणि 'वुड यू माइंड' या प्रश्नाला भाबडेपणाने 'येस' असे उत्तर दिले, तर तो होकार न ठरता चक्क नकार ठरतो! पण येथेच एक गंमत आहे. "खिडकी उघडायला हरकत नाही ना?" असे मराठीत विचारले, तर संमती देणारा मनुष्य "नाही, नाही" असेच म्हणतो. म्हणजे या कुलपाची किल्ली मराठीतच आहे. फक्त ती काढून हातात देणारा शिक्षक हवा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये, अशी शिस्त ज्या शाळा मोठ्या अभिमानाने पाळतात, त्या ही किल्ली स्वतःच विहिरीत टाकतात.

हा प्रश्न पडताळून पाहण्यास नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव फार उपयोगी आहे. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचा हा प्रदेश. १९८९ साली एम.कॉम. झालेला पोपटराव पवार नावाचा तरुण बिनविरोध सरपंच झाला, १९९४ पासून आदर्श गाव योजनेचे काम सुरू झाले, आणि पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी. सिंचनासाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेनेच पिके ठरवायची. पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबे परत गावी आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या साऱ्या कर्तृत्वाचे मोठेपण सांगण्याचे हे स्थळ नव्हे. भाषेच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट घ्यावयाची आहे. समतल चर, पाझर तलाव, भूजलाची पातळी हे सर्व शास्त्र या गावाने ग्रामसभेत, मराठीत, हातवारे करून, भांडून आत्मसात केले. इंग्रजी अडली म्हणून पाणी अडायचे थांबले नाही. आणि काम उभे राहिल्यावर जगच त्याच्या दारी आले. देशोदेशीचे अभ्यासक, अधिकारी आणि परप्रांतांतील सरपंच हे गाव पाहण्यास येतात. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा सहवास, जो एरवी फक्त शहरातील सुखवस्तू घरांत मिळतो, तो येथे पाहुणा होऊन गावात येतो.

आता अशा गावातील मुलाला 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे पाहुण्याला समजावून द्यावयाचे आहे असे समजा. 'अडवा' सोपे आहे. 'जिरवा' येथे गाडी अडते. अभियंता 'पर्कोलेशन' म्हणेल. परंतु तो कागदावरचा शब्द झाला. बोलताना इंग्रज मनुष्य 'लेट इट सिंक इन' असे म्हणतो. पाणी जमिनीत मुरते तेव्हाही 'सिंक इन', आणि एखादी गोष्ट डोक्यात मुरते तेव्हाही 'सिंक इन'. मराठीतही लोणचे मुरते आणि माणूसही धंद्यात मुरतो. (मराठीत 'जिरवणे'चा आणखी एक अर्थ आहे, तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अधिक वापरला जातो, पाहुण्याला तो समजावण्याची घाई नको.) अशा रीतीने शिकलेला वाक्प्रचार मूल विसरत नाही, कारण तो त्याच्या शिवारात उगवलेला असतो.

याच्या उलट शालेय पुस्तकांतले वाक्प्रचार पाहावेत. मांजरे आणि कुत्री पडावीत असा पाऊस त्यांत हटकून येतो. इंग्रज मंडळी स्वतः तो फारसा वापरीत नाहीत. इंग्रजी ही दर्यावर्दी लोकांची भाषा. 'इन द सेम बोट', 'लर्न द रोप्स', 'ऑल ॲट सी' हे सगळे जहाजावरून उतरून आलेले शब्दप्रयोग आहेत. ज्या मुलाने बोटच काय, भरलेला ओढासुद्धा मोजके दिवस पाहिला, त्याला ते पाठ करण्यास देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. परंतु त्याला एवढे सांगितले की ती माणसे समुद्रावर जगत होती, म्हणून त्यांच्या बोलण्यात दोर आणि शिडे आली. आपण दुष्काळात जगलो, म्हणून आपल्या बोलण्यात तोंडचे पाणी पळते, कोणी कोणाला पाण्यात पाहतो, कोणी कोणाचे पाणी जोखतो. तर ते मूल दोन्ही भाषांकडे समान उंचीवरून पाहू लागते. इंग्रजीचे भय जाण्यास याहून चांगला उपाय नाही.

राज्यकर्त्यांना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक होती. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी. कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्यात ग्रांथिक मराठीबरोबर कुणब्याचे, कोकण्याचे, बाजारातले आणि शेलके असे सगळे शब्दप्रयोग टिपलेले आहेत. गोऱ्या अधिकाऱ्याला रयतेचे बोलणे समजावे, याची ही तजवीज होती. त्याच राज्यात रयतेच्या मुलाला मात्र कारकुनीपुरते व्याकरण मिळाले. एकाला वाक्प्रचार, दुसऱ्याला विभक्ती! ही वाटणी करणारे गेले, वाटणी राहिली.

नगरच्या मातीत याला छेद देणारी परंपराही आहे. मिस सिंथिया फॅरार यांच्या नगर येथील मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण काही काळ याच फॅरारबाईंकडे झाले असे चरित्रकार सांगतात. १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. तरी १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागितले काय? बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान. निवेदन इंग्रजीत होते आणि मागणी मराठी शिक्षणाची होती. यात विसंगती शोधणाऱ्याने पुन्हा एकदा विचार करावा. १९४२ नंतर नगरच्या किल्ल्यात नेहरू इंग्रजीत भारताचा शोध घेत असताना, त्याच तुरुंगात आचार्य नरेंद्र देव 'अभिधर्मकोश' फ्रेंचमधून हिंदीत आणीत होते. परभाषेतील धन स्वभाषेत आणणे, हा समाजवाद्यांचा व्यवहार असा होता.

शासनाने जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तत्पूर्वी ती पाचवीपासून होती. हेतू बहुजनांच्या हिताचा होता. वर्षे वाढली खरी, पण तुकडा तोच राहिला. जो शिक्षक स्वतः भाषांतराने शिकला आणि ज्याच्याशी इंग्रजीत कोणी कधी बोलले नाही, त्याने बोलणे शिकवावे तरी कसे? दोष त्याचा नाही. दरम्यान पालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुले काढतात, पट घटतो, आणि घटलेल्या पटाचे कारण दाखवून शाळाच गुंडाळण्याच्या योजना निघतात. सार्वजनिक शाळा वाचवावयाची असेल, तर खासगी शाळा ज्या एका गोष्टीची विक्री करते, ती गोष्ट सार्वजनिक शाळेत फुकट मिळाली पाहिजे. माध्यम मराठीच राहावे; बोलकी इंग्रजी तेथे हक्काने मिळावी.

त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. पक्षाच्या सहानुभूतीदारांत निवृत्त बँक कर्मचारी, विमा कर्मचारी, प्राध्यापक पुष्कळ आहेत. नोकरीत तीस वर्षे इंग्रजी बोललेली ही माणसे आज घरी वर्तमानपत्र वाचून चिडत बसतात. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत तासभर बसावे. पुस्तक नको. त्या दिवशी मुलाने जे केले तेच त्याने सांगावे: शेरडे सोडली, दूध घातले, एस.टी. चुकली. बोलत असताना चूक काढू नये. ती लक्षात ठेवून शेवटच्या दहा मिनिटांत मराठीतून उलगडून सांगावी. व्याकरण तेव्हाच गोड लागते. हिवरे बाजारसारख्या गावी, जेथे पाहुणा पाणलोटाचा धडा घेण्यास येतो, तेथे ग्रामसभेने ठराव करावा की पाहुण्याने जाण्यापूर्वी अर्धा तास मुलांशी बोलावे. त्याने ज्ञान नेले, त्याची ही परतफेड.

या अर्ध्या तासात मुलांनी उत्तरे देत बसू नये. मुलाखतीने आणि परीक्षेने गरिबाच्या मुलाला फक्त उत्तरे देण्याची सवय लावली आहे. येथे प्रश्न मुलांनी विचारावेत. तुमच्याकडे पाऊस किती पडतो, विहिरी किती, पाणी कोणाच्या मालकीचे, मजुराला दिवसाला काय मिळते, आणि तुमच्या गावाची सभा कोणत्या भाषेत भरते. 'हाऊ मच' आणि 'हाऊ मेनी' यांतला फरक या पाच प्रश्नांत आपोआप येतो. पाऊस मापायचा आणि विहिरी मोजायच्या, एवढेच त्याचे मर्म. पाहुणा जे सांगेल ते एका मुलाने लगेच फळ्यावर मराठीत लिहावे, म्हणजे संध्याकाळी पारावर बसलेल्यांनाही ते वाचता येईल.