प्रकाशाच्या सीमेपलीकडचे दर्शन

बंगळूरच्या चामराजपेटेत मिंटो नेत्ररुग्णालय आहे. कोणत्याही नेत्ररुग्णालयात दृष्टीची परीक्षा एका साध्या तक्त्याने होते. तक्त्यावरची अक्षरे ओळीगणिक लहान होत जातात, आणि एका ओळीपाशी अक्षराच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. रेघा दिसत असतात. त्या दोन आहेत, एवढेच कळेनासे होते. डोळ्यातला दोष चष्म्याने निघतो. परंतु अगदी निर्दोष भिंगालाही एक सीमा उरतेच, कारण ती सीमा प्रकाशाच्या स्वभावातच असते.

१८७३ साली जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी ही सीमा सिद्धान्तरूपाने मांडली. प्रकाश हा तरंग आहे. त्यामुळे भिंगातून पाहिलेला बिंदू बिंदू राहत नाही. त्याचा लहानसा ठिपका होतो. दोन बिंदूंमधील अंतर तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी झाले, की ते ठिपके एकजीव होतात. दृश्य प्रकाशासाठी हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा पाच हजारावा भाग. जिवाणू या चाळणीत अडकतो. बहुतेक विषाणू निसटतात. आणि ज्यांच्यावर पेशीचे जीवन चालते, ती प्रथिने तर अवघ्या काही नॅनोमीटरांची!

१९३० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि ही सीमा मागे पडली. पण त्यासाठी नमुना सामान्यतः निर्वात जागेत ठेवावा लागतो; जिवंत पेशीला तेथे थारा नाही. जगण्याचा व्यवहार चालू असताना पाहायचा, तर प्रकाशाचाच आश्रय घ्यायला हवा.

अशीच एक अडचण १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांपुढे उभी होती. पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. त्यावर काही प्रथिने नांगर टाकल्यासारखी स्थिर असतात. फॉलिक आम्ल पकडून पेशीच्या आत घेणारे प्रथिन त्यांपैकीच एक. ही प्रथिने एकेकटी विखुरलेली असतात, की लहान गटांनी राहतात? पेशी बाहेरचा पदार्थ आत कसा घेते आणि बाहेरचा संदेश कसा ओळखते, हे या उत्तरावर अवलंबून होते. मात्र गट असलेच तर ते आबेंच्या सीमेखालचे. म्हणून कोणी त्यांचे अस्तित्व मानी, कोणी नाकारी.

या वादात बंगळूरहून महत्त्वाचे उत्तर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र तेथे आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर आणि त्यांचे सहकारी रजत वर्मा यांनी, दिसत नसलेले गट पाहण्याचा हट्ट सोडून, रेणूंची कुजबुज ऐकण्याची युक्ती योजली. चमकणारा एक रंगरेणू आपली ऊर्जा शेजारच्या रेणूला देऊ शकतो, मात्र शेजार काही नॅनोमीटरांचाच हवा. थिओडोर फर्स्टर यांनी १९४८ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे अंतर दुप्पट झाले, की ही देवघेव चौसष्टपटींनी मंदावते. रेणूंवर एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश टाकला, तर ऊर्जा शेजाऱ्याकडे गेल्यावर परतणाऱ्या प्रकाशातील ती शिस्त ढळते. प्रथिने विखुरलेली असती, तर पटलावर दाटी असेल तेथे ही ढळ अधिक आणि विरळ जागी कमी आढळली असती. प्रत्यक्षात ती सर्वत्र सारखीच आढळली. याचा अर्थ, विरळ जागीही शेजारी शेजाऱ्याला धरून होता. ७० नॅनोमीटरांहून लहान असे हे गट १९९८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, पटलातील कोलेस्टेरॉल कमी केले की ते मोडतात, हेही दिसले. २००४ साली याच केंद्रातून अधिक बारकावा कळला: गटात फार तर चार रेणू असतात, आणि शेकडा २० ते ४० प्रथिने अशा गटांत असतात.

या रीतीने शेजार कळला. चित्र मात्र मिळाले नाही. ते दोन निराळ्या वाटांनी मिळाले. श्टेफान हेल यांनी १९९४ साली सुचवले, की उजळलेल्या ठिपक्याभोवती दुसरा प्रकाश टाकून कडेचे रेणू विझवावेत, म्हणजे मध्यभागी अतिसूक्ष्म उजेड उरेल. दुसरी वाट समजण्यास देवळापुढची दीपमाळ आठवावी. दुरून तिचे सारे दिवे एकच ज्योत वाटतात. पण ते एकामागून एक लावून विझवले, तर प्रत्येक उजेडाचा मध्य नेमका टिपता येतो, आणि टिपणे एकत्र करून साऱ्या माळेचे चित्र रेखता येते. एरिक बेट्झिग व हॅरल्ड हेस यांनी हेस यांच्या दिवाणखान्यात जुळवलेल्या यंत्राने हेच साधले. २००६ साली ते प्रसिद्ध झाले. हेल, बेट्झिग आणि एकेका रेणूचा मागोवा घेणारे विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आबे चुकले काय? मुळीच नाही. अगदी जवळ एकाच वेळी सारखेच जळणारे दोन दिवे भिंगाला आजही एकच दिसतात. पुढच्यांनी ते एकाच वेळी जळू दिले नाहीत, एवढेच. त्याची किंमतही चुकती करावी लागते: एका वाटेवर टिपणांना वेळ लागतो, तर दुसरीवर तीव्र प्रकाशाने जिवंत पेशी भाजते. नियमाला नाकारणाऱ्यास हे साधले नसते. आबेंनी सीमा नेमकी कोठे आणि का आहे हे सांगून ठेवले होते, म्हणूनच तिला वळसा कोठून घालावा हे पुढच्यांना उमगले.