एक हरवलेली तबकडी



युनियनचा माणूस उभा राहिला की बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी आपली अटकळ असेल. आज आम्ही गाण्यावर बोलणार आहोत. गाण्याचे शास्त्र आम्हांला कळत नाही. आमची शाळा सातवीतच सुटली. पण यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे ठेका मात्र कळतो.

निक जोन्स हा इंग्लंडमधला लोकगीते गाणारा गिटारवादक. जन्म १९४७ चा. त्याच्या १९८० च्या ‘पेंग्विन एग्ज’चे पुष्कळ कौतुक झाले, आणि १९७७ ची ‘द नोहाज् आर्क ट्रॅप’ तिच्या सावलीत राहिली. तो वाजवता वाजवता उजव्या हाताने तारांवर थाप मारतो. ती प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला धोट्याचीच आठवण झाली.

या तबकडीवर माइल्स वेदरहिल या विणकराचे गाणे आहे. गोष्ट खरी घडलेली. टॉडमॉर्डन हे सूतगिरण्यांचे गाव. तिथल्या पाद्र्याच्या घरी सेरा बेल नावाची मोलकरीण होती. माइल्सशी तिचे प्रेम जमले, म्हणून तिची नोकरी गेली. मार्च १८६८ मध्ये माइल्स कुऱ्हाड आणि पिस्तुले घेऊन त्या घरात घुसला. जेन स्मिथ ही दुसरी मोलकरीण ठार झाली, पाद्री पुढे जखमांनी गेला. एप्रिलमध्ये माइल्सला सॅलफर्डला भर गर्दीसमोर फाशी दिले. गाण्याचा ओढा त्या दोघा प्रेमिकांकडे आहे. आमचे मन मात्र जेन स्मिथपाशी अडते. तीही दुसऱ्याच्या घरी राबणारीच की! निक आवाज चढवीत नाही, रडत नाही; हकिगत सांगून मोकळा होतो. म्हणूनच ती आम्हांला इतकी लागली.

फेब्रुवारी १९८२ मध्ये कार्यक्रमाहून परतताना त्याची मोटार ट्रकवर आदळली. हाडे मोडली, मेंदूला इजा झाली. गिटार पूर्वीसारखी वाजेना. हात गेलेल्या कारागिराला जुन्या कामाचाच आधार. पण जुन्या मुद्रणांचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले, आणि ही तबकडी कित्येक वर्षे मिळणे दुरापास्त झाले. कामगाराने विणलेले कापड मालकाच्या गोदामात कुजावे, तसेच हे. अखेर घरच्यांनी व स्नेह्यांनी जुन्या फिती जमवून १९९८ मध्ये त्याचे दुसरे गाणे लोकांपुढे आणले. २०१२ मध्ये तो पुन्हा मंचावर गायला. गिटार त्याच्या मुलाने, जोने, वाजवली.

आता यंत्र लावतो. मागच्या बाकांवर ऐकू आले नाही तर हात वर करावा.