दम आणि पाऊल

वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुरानें माझ्या पत्नीचीं फुप्फुसें जर्जर झालीं. आणि दम लागेल या भयानें तिनें उमरखेडच्या आमच्या अंगणापलीकडे जाणें सोडलें. पण बसून राहिल्यानें पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंना थोड्या श्रमासहि अधिक श्वास लागतो. डॉक्टरांनीं तिला ३० मीटरांच्या सपाट पट्टीवर ६ मिनिटें चालवून अंतर मोजलें व त्यावरून रोजचें चालणें ठरविलें. औषध चालू ठेवून, शीळ घालतांना करतात तसे ओठ करून सावकाश श्वास सोडीत, ती १२ आठवडे नेमानें चालली. चालण्यानें फुप्फुसें पूर्ववत् होत नाहींत. बळकट पाय मात्र थोड्या श्वासांत काम भागवितात. छातींत दुखल्यास वा भोवळ आल्यास थांबावें. नुसता दम लागला म्हणून खाट धरूं नये. ती आतां देवळापर्यंत जाते. वाटेंत दोनदां थांबते, पण जाते.