ताटीबाहेरची मुक्ता
(सोयगाव येथे मुलींच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, इथून पुढे खानदेशात मुक्ताईनगर आहे. परंपरेप्रमाणे मुक्ताबाई १२७९ साली जन्मली, १२९७ साली गेली. म्हणजे जे बोलली ते तुमच्याच वयात. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला थोरला भाऊ, ज्ञानेश्वर, ताटी लावून बसला. धाकट्या बहिणीने बाहेर उभं राहून त्याला समजावलं, तेही अभंगांतून. वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू मानलं. तिची पालखी आपण दरवर्षी पंढरपूरला नेतो. घरातली पंधरा वर्षांची पोर भावाला चार शब्द सुनावते, तेव्हा मात्र ‘हिचं तोंड फार चालतं’ म्हणतो, आणि तिची वही चुलीत जाते.

इथली एक मुलगी कविता गव्हाच्या कोठीत लपवते. आज तिने वही आणली आहे. आधी तिला वाचू द्या, मी नंतर बोलेन.