पाहणारे मूल आणि लिहिणारे मूल

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



साठ वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या शाळेसमोर उत्सवाच्या वर्षी एक प्रश्न हमखास उभा राहतो. जमलेल्या निधीतून काय घ्यावे? एके काळी या प्रश्नाला बाके, ग्रंथालयाची कपाटे, प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक अशी उत्तरे मिळत. आज बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘डिजिटल वर्ग’. ही सूचना करणाऱ्यांचा शाळेविषयीचा जिव्हाळा निर्विवाद आहे. त्याच सभेत दुसरा सूरही ऐकू येतो, “मुले घरी मोबाइल खाली ठेवत नाहीत, आता शाळेतही पडदाच हवा का?” दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि पुष्कळदा ती एकाच पालकाची असतात.

या दोहोंचा मेळ घालायचा तर किती साधने घ्यावीत हा विचार क्षणभर बाजूला ठेवावा लागेल. पडद्यासमोर बसलेले मूल काय करते, हे आधी पाहावे लागेल. ते केवळ पाहते, की काही लिहिते, मांडते, घडवते? महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक वजन आहे. येथील मुलाच्या कानावर रस्त्यात त्या राज्याची भाषा पडते, दुकानाच्या पाट्यांवर आणि मोबाइलमध्ये इंग्रजी दिसते. मराठीला उरतात दोनच जागा, घर आणि शाळेचा वर्ग. बाजारात मिळणारे तयार दृक्‌श्राव्य पाठ बहुतांशी इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. मोठा पडदा आणून त्यावर असे पाठ दिवसभर चालवले, तर शाळेच्या पैशाने शाळेतलीच मराठी बाहेर जाईल. म्हणून पडदा घेण्यापूर्वी त्यावर कोणाचे शब्द उमटणार, हे ठरलेले असावे.

भारतात वर्गापर्यंत तंत्रज्ञान नेण्याचे प्रयत्न काही आजचे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत, संध्याकाळचे प्रौढांसाठी. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत संगणक आले. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला आणि २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच खुला झाला. या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुर्गम गावातील मुलांना त्यांनी जगाची खिडकी उघडून दिली. तरीही त्यांच्या मुख्य रचनेत एकाने सांगावे आणि हजारोंनी ऐकावे, असाच क्रम होता. मुलाच्या मनात उठलेला शब्द परत जाण्याची वाट त्यात फार अरुंद होती.

याच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण ठेवून पाहावे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांमध्ये वाटून दिली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पनाही गाजली. त्यामानाने कमी बोलली गेलेली बाब अशी, की त्यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तके त्यांनी मुलांच्या भाषेत आणली. आधी मुलाची भाषा, मग तंत्र, असा तो क्रम होता. भाषेच्या सीमेवर वाढणारी मुले ज्या शाळेत येतात, त्या प्रत्येक शाळेने हा क्रम लक्षात ठेवावा.

मग मराठी शाळेने काय करावे? त्याचे उत्तर मराठी शाळांच्या जुन्या परंपरेतच आहे. हस्तलिखित आणि भित्तिपत्रक ही नावे घेतली, की माजी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे ताव, बोरूची शाई, कडेची नक्षी आणि सुवाच्य अक्षराच्या मुलीवर पडलेला सारा भार उभा राहील. हस्तलिखिताची उणीव एकच होती. त्याची प्रत एक असे आणि वाचक मोजके. स्नेहसंमेलन संपले, की ते कपाटात जाई. वर्गाचा ब्लॉग, ज्याला मराठीत अनुदिनी म्हणतात, हे त्याच हस्तलिखिताचे आजचे रूप होऊ शकते. संपादक मंडळ मुलांचेच, शुद्धलेखन तपासणारे डोळे शिक्षकांचे. वाचक मात्र नागपूरची आजी, बंगळुरूचा मामा, परदेशी स्थायिक झालेला माजी विद्यार्थी, यांपैकी कोणीही.

दूरचा वाचक मिळाला, की मुलाचे लेखनच बदलते. परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधाचा वाचक सर्वज्ञ असतो. त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ‘माझा आवडता सण’ या विषयावरचे चाळीस निबंध एकाच साच्यातून निघतात. पुण्याच्या वाचकासाठी लिहिताना बडोद्याच्या मुलाला उत्तरायणाची गच्ची समजावून सांगावी लागेल, हैदराबादच्या मुलीला बतुकम्माची फुलांची रचना शब्दांत उभी करावी लागेल, इंदूरच्या मुलाला सकाळच्या पोहे-जिलेबीचा थाट सांगावा लागेल. गुजरातीत जिला ‘फिरकी’ म्हणतात, तिला घरी काय म्हणतात, हे विचारायला मूल आजोबांकडे जाईल आणि ‘चक्री’ हा शब्द घेऊन येईल. दोन भाषांत वाढणे ही ज्यांना आजवर अडचण वाटली, त्या मुलांकडे सांगण्याजोगे काही आहे, हे अशा लेखनातून त्यांनाच प्रथम कळेल.

पण हे लेखन देवनागरीत व्हायला हवे. येथे खरी अडचण सुरू होते. कुटुंबाच्या गटात मराठी निरोप रोमन लिपीत धाडण्याची सवय मोठ्यांनीच लावली आहे. रोमन लिपीत ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मन’ आणि ‘मण’ सारखेच दिसतात. घराबाहेर मराठी क्वचितच ऐकणाऱ्या मुलाच्या जिभेवरून ‘ळ’ आणि ‘ण’ निसटण्याची सुरुवात अशीही होते.

यावरचा उपाय प्रत्येक संगणकात विनामूल्य आहे. तो म्हणजे ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक. त्याची रचना वर्णमालेला धरून केलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवरच ‘ख’, ‘ग’च्या कळीवरच ‘घ’. जोडाक्षर लिहिताना मुलाला ते मनात फोडावे लागते. ‘क्ष’ हवा तर ‘क’, हलन्त, ‘ष’ या क्रमाने बोटे चालवावी लागतात. व्याकरणाच्या तासाला जे फळ्यावर सांगावे लागते, ते बोटांना कळते. महाराष्ट्राबाहेरील मुलांसाठी यात आणखी एक लाभ आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू, बांगला, हिंदी या भाषांसाठीही हीच रचना वापरली जाते. मराठीसाठी शिकलेली बोटे त्या राज्याच्या भाषेलाही उपयोगी पडतात. मराठी शिकल्याने मूल मागे पडेल, या भीतीला यापेक्षा साधे उत्तर नाही.

संगणकावर मराठी लिहिताना तिच्या सूक्ष्म छटाही मुलांपुढे येतात. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. हा भेद दाखवणारा ‘ऱ्य’ हिंदीच्या सवयीने टंकणाऱ्याकडून हटकून चुकतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचेही तेच. एक कळ चुकली, की समुद्राच्या दऱ्या होतात आणि वर्गात हशा पिकतो. त्यानंतर तो नियम कोणी विसरत नाही. ‘ॲ’ या अक्षराची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. जगभरच्या लिप्यांना संगणकात स्थान देणाऱ्या युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. संगणकाच्या जगात अक्षरालाही जागा मिळवावी लागते आणि वापरणारे असतील तरच ती राखली जाते, एवढे त्यातून मुलांना उमगले तरी पुष्कळ झाले.

खेळांविषयी पालकांच्या मनात सर्वाधिक शंका असतात. खेळातून शिकवणे मात्र या भूमीला नवे नाही. सापशिडीचे जुने रूप असलेल्या मोक्षपटाचे श्रेय मराठी परंपरा संत ज्ञानेश्वरांना देते. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप, अशी ती शिकवण होती. आज शैक्षणिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक खेळांत मात्र पाढ्याच्या प्रश्नामागे गुण आणि चमचमत्या चांदण्या लावलेल्या असतात. मूल चांदण्यांसाठी कळ दाबते, पाढा जिथल्या तिथे राहतो. चांगला खेळ मुलाला विचार करायला लावतो आणि चूक झाली तर पुन्हा करून पाहू देतो. ‘जिओजेब्रा’ हे मोफत साधन याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात त्रिकोणाचे लंबदुभाजक काढून एक शिरोबिंदू ओढत न्यावा. लघुकोन त्रिकोणात आत असलेले परिकेंद्र काटकोन होताच कर्णाच्या मध्यावर येते आणि विशालकोन होताच बाहेर पडते. वहीत तीन आकृत्या काढून जे पाठ केले जाते, ते येथे डोळ्यांसमोर घडते. त्यानंतर कंपासपेटी उघडून तीच आकृती हाताने काढावी. दोहोंची गरज आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः खेळ रचणे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार झालेले आणि २००७ पासून सर्वांना खुले असलेले ‘स्क्रॅच’ हे साधन त्यासाठीच आहे. ठोकळे जोडावेत तशा सूचना जोडून मूल आपला खेळ तयार करते. सातवीच्या मुलांनी म्हणींचा खेळ करायचे ठरवले, असे समजा. ‘नाचता येईना’ हे शब्द दिसतील आणि खेळणाऱ्याने उरलेली म्हण निवडायची. आता खेळ रचणाऱ्याला ‘अंगण वाकडे’ हे बरोबर उत्तर माहीत असून भागत नाही. फसवी पण शोभतील अशी आणखी तीन उत्तरे सुचावी लागतात. त्यासाठी म्हणीचा अर्थ, तिची लय आणि तिच्यातला खट्याळपणा, तिन्ही कळावे लागतात. असा खेळ खेळणाऱ्यापेक्षा तो रचणाऱ्याला मराठी अधिक येते.

या साऱ्याला मर्यादा आहेत आणि त्या हातचे न राखता मांडल्या पाहिजेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील ४.४ टक्के आणि शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के, तर शहरांत ४२ टक्के कुटुंबांना होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या आकड्यांमागचे चेहरे दिसले. एका मोबाइलवर तीन भावंडांची शाळा भरली. म्हणून डिजिटल काम गृहपाठ म्हणून देऊ नये. ते शाळेतच, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या संगणकावर व्हावे.

मुलांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. वर्गाच्या अनुदिनीवर मुलाचे पूर्ण नाव, छायाचित्र, पत्ता काहीही नसावे, टोपणनाव पुरे. हस्ताक्षर, मैदान आणि मोठ्याने वाचन यांचा एकही तास पडद्यासाठी कमी होऊ नये. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय शिक्षणातील तंत्रज्ञान हाच होता. हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वर्गात येते, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. शाळेचे उत्तर स्पष्ट असावे, मुलाच्या आणि त्याच्या भाषेच्या अटींवर.

अशा कामाला फार मोठा खर्च लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि टाकाऊ वस्तू यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती करण्याच्या रीती व पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली. साधन साधे, हात मुलाचे आणि ज्ञान सर्वांना खुले, हा धडा त्यांच्याकडून घ्यावा. चार-पाच वर्षे वापरलेले पण चालते संगणक, त्यांच्या देखभालीची निश्चित तरतूद आणि आठवड्याचा एक ठरलेला तास यांवर सुरुवात होऊ शकते. भिंतभर पडद्यापेक्षा ही देणगी दिसायला लहान आहे. मात्र दरवर्षी ती सांभाळावी लागते, आणि दात्यांची खरी कसोटी तेथेच असते.

माजी विद्यार्थ्यांकडून शाळेला आणखी एक गोष्ट हवी आहे, वाचक म्हणून वेळ. महिन्यातून एकदा एखाद्या मुलाचा लेख वाचून त्याला देवनागरीत चार ओळींचे उत्तर लिहावे. ज्या मुलाला शाळेबाहेरून मराठीत उत्तर येते, त्याला मराठी ही केवळ गुणांची भाषा वाटत नाही. पालकांनी मुलांना धाडायचे निरोप देवनागरीत लिहावेत, चुकले तरी चालेल. आणि संध्याकाळी मूल घरी आल्यावर ‘आज संगणकावर काय पाहिलेस?’ असे न विचारता ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारावे.

शाळेच्या कपाटात जुनी हस्तलिखिते आहेत. त्यांची पाने पिवळी पडली आहेत, शाई फिकट झाली आहे. तरी ज्यांनी ती लिहिली ते आज या सभागृहात बसले आहेत आणि मराठीत बोलत आहेत. पुढील पिढीच्या हाती बोरूऐवजी कळफलक असेल. तिने मराठीत लिहावे, यासाठी लागेल ते या हीरक महोत्सवी निधीतून द्यावे, एवढीच विनंती.