आधी भरड काढा



टेबलावर हे चंद्रकोरीसारखं चकचकीत दिसतंय ते चुंबक आहे. माळ्यावर पडलेली जुनी हार्ड डिस्क काल रात्री उघडली आणि त्यातून काढलं. पोलादी पट्टीला असं चिकटवलेलं होतं की माझा स्क्रू-ड्रायव्हर वाकला. वर निकेलचा मुलामा. आत लोह, थोडं बोरॉन आणि वजनाच्या साधारण ३० टक्के दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं, मुख्यतः निओडिमियम.

४ एप्रिल २०२५ला चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यांत डिस्प्रोशियम आणि टर्बियम होती. मोटर तापली तरी चुंबकाने दम सोडू नये म्हणून ती घालतात. जगातली सुमारे ९० टक्के दुर्मिळ मृदा चुंबकं चीनमध्येच तयार होतात. तेव्हा आपल्या वाहन उद्योगात चुंबकांचा साठा किती दिवस पुरेल याची मोजदाद सुरू झाली आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसालाही फोन येऊ लागले. "सर, भंगारातून काढता येईल ना?" येईल. पुढच्या आठवड्यात मात्र नाही.

विद्या आपल्याकडे नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. केरळात अलुवा इथे मोनाझाइट या दुर्मिळ मृदांच्या खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना १९५२मध्येच सुरू झाला. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम ही आवर्तसारणीतली सख्खी शेजारी. द्रावकाने त्यांना वेगळं करायचं तर शेकडो टप्प्यांतून तेच ते द्रावण खेळवावं लागतं. त्यासाठी लागणारं डीटूईएचपीए हे द्रावकही आपलं जड पाणी मंडळ बनवतं. आणि वाया गेलेल्यातून धातू काढणं हे तर आपल्या मातीतलं काम. सोनारांच्या दुकानातली राख-माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होते. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई करणारी माणसं आजही देशभरच्या सराफ बाजारांत भट्ट्या लावून बसली आहेत. ही माणसं माल बघतात, घासतात, मग तेजाबाला हात लावतात. आम्ही प्रयोगशाळावाल्यांनी नेमकं उलटं केलं.

माझीच फजिती सांगतो. नाव कारखान्याचं सांगणार नाही, कारण चूक त्यांची नव्हती. लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या भंगारातून कोबाल्ट आणि निकेल काढण्याची पद्धत आम्ही बसवली होती. गंधकाम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, जरा ऊब. काचेच्या चंचुपात्रात उतारा ९८ टक्के. शोधनिबंध झाला, सामंजस्य करार झाला, शाल-श्रीफळासह फोटोही झाला. मग कारखान्यात पहिली मोठी खेप चालवली आणि तिसऱ्या दिवशी फिल्टर प्रेस बंद पडला. कापडावर पांढुरका, लिबलिबीत थर. ऑपरेटरने बोटाने तो उचलून मला दाखवला. "साहेब, दही बसलंय."

ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांकडून कॅथोडची पूड फॉइलवरून हाताने खरवडून घेतली होती. कारखान्यात मात्र अख्खी बॅटरी श्रेडरमधून जात होती. ॲल्युमिनियमची फॉइल, तांब्याची फॉइल, ग्रॅफाइट, चिकटवणारा प्लास्टिकचा बाइंडर, सगळं एकत्र. आम्लाने ॲल्युमिनियमही विरघळलं आणि आम्लता कमी करताच त्याची खीर झाली. मी आम्लाची मात्रा, तापमान, वेळ यांचे तक्ते मांडून बसलो. तो ऑपरेटर, ज्याच्या आईचं गावाकडे जातं होतं, म्हणाला, "फार बारीक दळलंय. फॉइलचं पीठ झालंय. आधी भरड काढा, साहेब, मग चाळा."

जाड दळलं की फॉइलचे तुकडे मोठे राहतात आणि काळी पूड, जिला धंद्यात ब्लॅक मास म्हणतात, ती चाळणीतून खाली पडते. श्रेडरची जाळी बदलली, एक चाळणी वाढवली. दही थांबलं नाही, पण आटोक्यात आलं. उतारा ९८ वरून घसरला. तो आकडा मी कुठे छापला नाही, आणि आज वाटतं, तोच छापायला हवा होता.

उद्योगाकडेही बोट दाखवतो. नमुना मागितला की कारखाने निवडून, झाडून-पुसून पाठवतात. मालात नेमकं काय आहे विचारलं की "गोपनीय". वैद्याला पोटात दुखतंय एवढंच सांगायचं आणि काय खाल्लं ते लपवायचं, असा हा प्रकार. मग सहा महिन्यांनी दोघंही एकमेकांना नावं ठेवतात.

शिवाय वेळही द्यावा लागतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस यांच्या गटाने हायड्रोजन वायूने चुंबकाचा भुगा करण्याची पद्धत विकसित केली. वायू चुंबकात शिरतो, ते फुगून तडकतं, पूड होऊन पडतं. माझ्यासारखे स्क्रू-ड्रायव्हर वाकवावे लागत नाहीत. ती पद्धत प्रयोगशाळेतून बाहेर पडून टाकाऊ हार्ड डिस्कवर चालायला अनेक वर्षं लागली. आपल्याकडे तीन वर्षांचा प्रकल्प संपला की विद्यार्थी पांगतात, उपकरणावर चादर पडते.

पैसा सध्या आहे. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर झालं, सप्टेंबरमध्ये पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची योजना आली, आणि त्यातला एक तृतीयांश वाटा छोट्या आणि नव्या उद्योजकांसाठी राखला आहे. हा वाटा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण माल गोळा होतो तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून कचरावेचकांची संघटना बांधते आहे. कुठल्या वस्तूत कुठला धातू आणि तो कसा सुटतो, हे त्या कचरावेचकांना ठाऊक असतं. आपल्या एकाही तांत्रिक समितीत मी त्यांच्यापैकी कुणाला पाहिलेलं नाही. फुगलेली बॅटरी मात्र त्यांच्याच हातात फुटते.

म्हणून माझी या परिषदेकडे एकच मागणी आहे. पुढच्या वर्षीपासून निबंध वाचणाऱ्याने शुद्ध नमुन्याबरोबर बाजारातल्या मिसळ भंगारावरचा आकडाही द्यावा, कितीही लाजिरवाणा असो. माझ्यापासून सुरुवात: त्या कारखान्यातला आमचा उतारा ८१ टक्के होता.

सभागृहाबाहेर चहाच्या टेबलापाशी एक पोतं ठेवलंय. त्यात फुटक्या हार्ड डिस्क, पंख्यांच्या मोटारी, स्पीकर आहेत. काय किती आहे ते मलाही माहीत नाही. ज्यांना प्रयोग करायचाय त्यांनी किलोभर घेऊन जावं. पिशव्या मी घरून आणल्यात.